घराचा मोठा कागद

आमची ठाण्याच्या नौपाड्यातली इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं, त्या सभेहून घरी आल्यावर आई चपला काढता काढता म्हणाली, "माळा कोण उतरवणार?"

मी तोवर नव्या घरातच होते. किती फूट जास्त मिळणार, लिफ्ट येणार, आईच्या गुडघ्यांना तीन जिने चढायला लागणार नाहीत. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालची ती सभा, निबंधक कार्यालयातून आलेला अधिकारी समोर, कोपऱ्यात व्हिडिओवाला, एकेका सभासदाची सही. सगळं रीतसर पार पडलं होतं. आईच्या डोक्यात मात्र माळा होता. इमारत १९७९ ची आणि त्यात आमचा संसारही १९७९ चा. पंचेचाळीस वर्षांत तिथून आम्ही एकदाही हललो नाही. घर बदलणाऱ्यांचं सामान दर बदलीला चाळून निघतं. आमचं कधी चाळलंच गेलं नव्हतं.

बाबा २०२२ साली गेले. दादा पुण्याला, मी ऐरोलीला, आई नौपाड्यात एकटी. जून २०२४ मध्ये सोसायटीचं पत्र आलं: दिवाळीनंतर जागा रिकामी करून चावी द्यायची, त्याआधी पुढचे कागद आणून द्यायचे. मूळ करारपत्र, नोंदणीची पावती, ताबापत्र, शेअर सर्टिफिकेट, चालू घरपट्टी, लाईट बिल, पॅन, आधार. आणि शेवटी एक ओळ, मूळ सभासद हयात नसल्यास मृत्यूचा दाखला आणि सभासदत्व वारसाच्या नावावर झाल्याचा पुरावा. मी हिशेब केला, दोन शनिवार-रविवार पुरतील. चार महिने लागले.

पहिल्याच शनिवारी माझ्या हातून मोठी चूक झाली.

आईला धुळीचा त्रास होतो, शिवाय बाबांच्या वस्तू हाताळताना ती हळवी होते, म्हणून मी तिला दिवसभर शेजारच्या काकूंकडे बसवलं. मी आणि माझा नवरा, दोघांनी मिळून लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा आणि दिवाणाचं पोट रिकामं केलं. ठेवायचे, टाकायचे, विचारायचे असे तीन ढीग लावले. टाकायच्या ढिगात काय गेलं? आमच्या शाळेच्या फीच्या पावत्या, पाठीमागे दुधाचा हिशेब लिहिलेली जुनी कॅलेंडरं, विम्याच्या हप्त्यांच्या चिठोऱ्या, आणि लाईट बिलांचा एक जाड गठ्ठा. वरच्याच बिलावर 'महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ' असं छापलेलं. मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आलं २००५ साली, म्हणजे सगळी बिलं किमान एकोणीस वर्षांपूर्वीची, कोणाला लागणार? गठ्ठा न सोडता तसाच गोणीत टाकला. संध्याकाळी दोन गोण्या रद्दीवाल्याने नेल्या. कपाटात हात घालायला जागा झाली होती, मला फार बरं वाटत होतं.

आई आली, कपाटासमोर उभी राहिली. "लाईटचा गठ्ठा?"

"दिला गं. वीस वर्षांपूर्वीची बिलं होती."

ती मटकन दिवाणावर बसली. "अगं, त्यात ताबापत्र होतं."

घराचं ताबापत्र लाईट बिलांत का, हे तिने मला नंतर सांगितलं. १९७९ मध्ये घराची चावी मिळाली, पण मीटर नव्हता. मीटरच्या अर्जाला ताबापत्र लावावं लागलं. अर्ज मंजूर होऊन कागद परत आले ते पहिल्या बिलाबरोबर, आणि आईने ते त्या बिलालाच टाचून ठेवले. करारपत्राच्या नोंदणीची पावतीही त्यातच. तिच्या हिशेबाने ते सगळं 'लाईटचं' होतं, कारण त्या दिवशी घरात पहिल्यांदा दिवा लागला.

नऊ वाजत आले होते आणि पाऊस ओतत होता. मी आणि आई, हो, आईसुद्धा, ऐकायलाच तयार नव्हती, छत्री धरून गोखले रोडमागच्या गल्लीतल्या रद्दीच्या दुकानात गेलो. शटर अर्धं खाली आलं होतं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "आजच्या गोण्या मागे आहेत, बघा, पण सात-आठ आहेत." एका पिवळ्या दिव्याखाली आम्ही गोण्या उपसू लागलो. मी बिलांवरची नावं वाचत होते. आई नावं वाचतच नव्हती, ती फक्त गठ्ठ्यांच्या गाठी बघत होती. "हिरव्या नाडीने बांधलाय," म्हणाली. परकराची जुनी नाडी. चौथ्या गोणीत तो गठ्ठा सापडला. एक कोपरा ओला झाला होता, शाई थोडी पसरली होती, पण सही-शिक्का शाबूत. आईने तो पदराखाली घेतला आणि घर येईपर्यंत माझ्या हातात दिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पद्धत बदलली. आई खुर्चीत, मी खाली सतरंजीवर. एकेक कागद तिच्या हातात द्यायचा, ती सांगेल ते ऐकायचं, मग ठरवायचं. दोन तासांच्या वर बसायचं नाही, कारण त्यानंतर ती दमते आणि दमली की "टाक मेलं सगळं" म्हणते. त्या क्षणी टाकलेल्या कागदाचा भरवसा नाही.

वेग फार मंद होता. सुरुवातीला मला आतून घाई व्हायची. आई एक पावती हातात घेऊन वीस मिनिटं बोलायची. पण हळूहळू लक्षात आलं की कुठल्या कागदाला कुठला कागद जोडलेला आहे, हे तिच्या बोलण्यातच येतंय. बाबांनी कागद जपले, पण ते कशासाठी आहेत हे कुठेही लिहिलं नाही. ते सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि त्यांच्याबरोबर गेलं. उरलेलं आईच्या डोक्यात होतं, आणि तिथे विषयवार खण नव्हते, तर 'दादाच्या मुंजीचं वर्ष', 'तुझा पाय मोडला तेव्हा', 'बाबांची कंपनी संपावर होती तेव्हा' असे खण होते. कोणताही हुशार माणूस एकटा बसून ते कागद लावू शकला नसता. बाबा असताना त्यांच्याशेजारी असं दोन-चार रविवार बसायला हवं होतं. याची रुखरुख मला आजही आहे.

कागदांपेक्षा जास्त वेळ टाचण्यांनी खाल्ला. बाबा स्टेपलर वापरत नसत, टाचणी लावत. पंचेचाळीस पावसाळ्यांत त्या गंजून कागदाच्या पोटात रुतल्या होत्या. ओढली की कागद फाटायचा. शेवटी आईने लोणी लावायची बोथट सुरी आणली. टाचणीखाली पातळ पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायचा, सुरीने टोक अलगद उचलायचं, मग उलट्या बाजूने ढकलायची. प्रत्येक कागदावर दोन तपकिरी ठिपके आणि मधे एक रेघ उरायची. तीन आठवड्यांत काडेपेटी भरून टाचण्या निघाल्या. काही गठ्ठ्यांत कसर लागली होती. चंदेरी, शेपटीवाली कीड सुळकन पळायची, आणि कागदाच्या कडा नक्षी कापल्यासारख्या खाल्लेल्या. ठाण्याच्या दमट हवेत बंद प्लास्टिकच्या पिशवीत कागद ठेवले की आत ओल धरते. आम्ही कागद पंख्याखाली दोन-दोन दिवस पसरून ठेवले आणि मगच नव्या फायलीत घातले. नव्या बिलांचं दुखणं वेगळंच. मिक्सर, पंखा, आईचं श्रवणयंत्र, सगळ्यांच्या पावत्या त्या गुळगुळीत कागदावरच्या, उष्णतेने उमटणाऱ्या अक्षरांच्या. त्या पार कोऱ्या झाल्या होत्या. श्रवणयंत्राची हमी अजून शिल्लक होती आणि हातात पांढरा कागद. आता अशी पावती आली की त्याच दिवशी झेरॉक्स काढून दोन्ही एकत्र ठेवतो.

करारपत्र मिळालं ते बाबांच्या रेक्झिनच्या बॅगेत. आठ पानं, टंकलेखन यंत्रावर छापलेली, पहिलं पान पाच रुपयांचा मुद्रांक. किंमत ४७,००० रुपये. दादाला फोनवर वाचून दाखवलं तर तो म्हणाला, पाच रुपयांच्या कागदावर घर? पण तेव्हा तसंच होतं. घराच्या करारावर किमतीच्या प्रमाणात मुद्रांक शुल्क १० डिसेंबर १९८५ पासून लागलं, त्याआधीचे करार असेच आहेत. त्याच बॅगेत घरपट्टीची जुनी पावती होती, तिच्यावर 'ठाणे नगरपालिका' असं छापलेलं. महानगरपालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ ला. ती एक पावती आईने मागून घेतली. मधल्या वर्षांच्या पावत्यांची पडताळणी केली, थकबाकी नाही हे पालिकेच्या संकेतस्थळावर पाहिलं आणि शेवटच्या काही वर्षांच्या ठेवून बाकीच्या काढल्या.

रंगकाम, ग्रिल, फरशी यांच्या जुन्या बिलांबद्दल मी आमच्या सीएंना विचारलं. त्यांनी सांगितलेली गोष्ट उपयोगी पडली. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या घराच्या विक्रीतल्या नफ्यावर पुढे कधी कर भरायची वेळ आली, तर १ एप्रिल २००१ या दिवशीची बाजारातली किंमत खरेदीकिंमत म्हणून धरता येते, त्यामुळे त्याआधीच्या सुधारणांच्या बिलांना अर्थ उरत नाही. नंतर केलेल्या मोठ्या बदलांची बिलं मात्र ठेवायची. म्हणून १९८६ च्या ग्रिलचं बिल गेलं आणि २००८ साली स्वयंपाकघराचा ओटा बदलला, त्याचं राहिलं. एवढं कळल्यावर एक अख्खा खोका रिकामा झाला.

शेअर सर्टिफिकेटने आम्हाला सगळ्यात जास्त रखडवलं. ते शोधावंच लागलं नाही, देवघराखालच्या खणात सगळ्यात वर होतं. चकचकीत, जाड प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केलेलं. बाबांचा लॅमिनेशनवर फार जीव. नव्वदच्या दशकात स्टेशन रोडला कोणीतरी स्वस्तात करून देत होतं, तेव्हा त्यांनी स्वतःचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट, आमची गुणपत्रकं, सगळं एका झटक्यात लॅमिनेट करून आणलं होतं. जपणूक म्हणूनच केलं त्यांनी. पण शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला एक तक्ता असतो. सभासद बदलला की तारीख, हस्तांतर क्रमांक, नव्या सभासदाचं नाव तिथे लिहून अध्यक्ष, सेक्रेटरी आणि समिती सदस्याच्या सह्या होतात. प्लास्टिकवर लिहिणार कसं? मी सोलायचा प्रयत्न केला, तर प्लास्टिकबरोबर अक्षरंच सुटून यायला लागली. लगेच हात मागे घेतला. सेक्रेटरी म्हणाले, डुप्लिकेट प्रत काढावी लागेल. त्यासाठी अर्ज, हमीपत्र, समितीचा ठराव, आणि लॅमिनेट केलेलं मूळ सर्टिफिकेट सोसायटीत जमा. सहा आठवडे गेले. मुद्रांकावरचे कागद, शेअर सर्टिफिकेट, मालमत्तेचा कुठलाही कागद, ज्याच्यावर पुढे कोणाला सही किंवा शिक्का मारायचा आहे तो लॅमिनेट करू नका. साध्या पारदर्शक पाकिटात सरकवून ठेवा, तेवढं पुरतं.

बाबांनी नॉमिनेशन आईच्या नावे केलेलं होतं, त्यामुळे मला वाटलं काम झालंच. तसं नसतं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीच्या दृष्टीने तिला तात्पुरतं पुढे करता येतं, हक्क वारसांचाच राहतो, म्हणजे आई, दादा आणि मी. म्हणून दादाने आणि मी आईच्या नावे हक्कसोड पत्र केलं आणि ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवलं. दादा सकाळच्या गाडीने पुण्याहून आला. अंगठे, फोटो, सह्या, सगळं मिळून अर्धा दिवस. आई गप्प होती. तलावपाळीला रिक्षा वळली तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे आता त्यांचं नाव खोडणार?"

डुप्लिकेट सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा मी तिला दाखवलं. पुढच्या बाजूला बाबांचंच नाव, प्रत्येकी ५० रुपयांचे पाच शेअर, एकूण २५० रुपये. मागच्या तक्त्यात पहिल्या ओळीत तिचं नाव. खोडलेलं काहीच नाही. तिने ते पुढून पाहिलं, मागून पाहिलं, परत पुढून पाहिलं.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात होते. कारखाना केव्हाच बंद झाला. त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आईने का ठेवल्या हे तिलाही सांगता येईना, आणि मी त्या टाकायच्या ढिगाकडे सरकवत असतानाच ती म्हणाली, "आधी पगार पाकिटात मिळायचा. मग बँकेत यायला लागला. ते खातं बंद केल्याचं मला काही आठवत नाही." रेक्झिनच्या बॅगेच्या आतल्या खिशात तपकिरी पासबुक होतं, शेवटची नोंद २००३ ची.

मी त्या रात्री रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर बसले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालेलं हे पोर्टल, बेवारस पडलेल्या ठेवी शोधण्यासाठी. दहा वर्षं ज्या खात्यात हालचाल नाही, ती रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे वळवतात. पण हक्क संपत नाही, खातेदार किंवा वारस बँकेकडे केव्हाही मागू शकतो. बाबांचं नाव टाकलं, पॅन टाकला, काही मिळालं नाही. त्या काळात खात्याला पॅन जोडलेलाच नसणार. मग जन्मतारीख टाकली. नाव आलं, पत्ता आला, आमच्याच इमारतीचा. रक्कम दाखवत नाहीत, फक्त एक संदर्भ क्रमांक देतात. मी तो छापून घेतला.

शाखेत पहिल्यांदा गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने पासबुकाकडे न बघताच "असं खातं आमच्याकडे दिसत नाही" म्हणून परत पाठवलं. आईने आणलेली पिशवी उघडूही दिली नाही. मला फार राग आला, त्या रागापायी मी पोर्टलचा छापील कागद दाखवायचंच विसरले. दुसऱ्या वेळी थेट शाखा व्यवस्थापकांकडे गेलो, संदर्भ क्रमांक पुढे ठेवला. मग सगळं सुरळीत झालं. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, आईची ओळखपत्रं, वारसांची संमती. दोन महिन्यांनी व्याजासकट साडेअठरा हजार रुपये आईच्या खात्यात आले. रक्कम मोठी नाही, पण बाबांनी घाम गाळून मिळवलेली होती, आणि ती सापडली आईच्या एका वाक्यामुळे.

त्यानंतर आईच्या प्रत्येक खात्याचं नॉमिनेशन तपासलं. दोन ठिकाणी अजून बाबांचंच नाव होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि प्रत्येकाचा वाटाही ठरवता येतो, तेव्हा तिने दादाचं आणि माझं, दोघांची नावं निम्मी-निम्मी घातली.

माळा मात्र सांगितला होता त्याच्या निम्म्या वेळात उतरला. तांब्याचा बंब, घंगाळ, दोन पराती, पुरणयंत्र, पाटा-वरवंटा, लग्नात आलेल्या आणि कधीच न वापरलेल्या स्टीलच्या डब्यांची उतरंड. वस्तू समोर असते, ती लागते की नाही हे बघून कळतं. कागदासारखं तिच्या पोटात दुसरं काही लपलेलं नसतं. पितळ-तांब्याची बरीचशी भांडी जांभळी नाक्याला मोडीत घातली, घंगाळ दादाने नेलं, त्यात तो झाड लावणार आहे. साड्या आणि चादरी बोहारणीने नेल्या, बदल्यात आईने घासाघीस करून दोन स्टीलची पातेली घेतली. बाबांचे कपडे मात्र बोहारणीला द्यायचे नाहीत, हे तिने पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. पितृपंधरवड्यात बाबांच्या तिथीला शर्ट, स्वेटर, कोट इस्त्री करून, घड्या घालून तिने आमच्या रात्रीच्या वॉचमनला आणि त्याच्या भावाला स्वतःच्या हाताने दिले.

बाबांच्या पुस्तकांत एक जुनी वर्गणीची पावती सापडली, ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची. १८९३ साली स्थापन झालेली ती संस्था, आणि रविवारी सकाळी तिथे जाणं हा बाबांचा एकमेव चैनीचा कार्यक्रम. पावती पुस्तकातच राहू दिली. ते पुस्तक माझ्याकडे आहे.

टाकायचे कागद आता आम्ही सरळ रद्दीत देत नाही. नुसत्या आधार कार्डाच्या झेरॉक्सच अडतीस निघाल्या! बँकेसाठी, गॅससाठी, सिमकार्डासाठी काढलेल्या आणि उरलेल्या. कोऱ्या चेकांची पानं, खातेक्रमांक असलेली स्टेटमेंटं. स्टेशनबाहेर भेळेच्या पुड्यावर एकदा मी कोणाचं तरी पूर्ण बँक स्टेटमेंट पाहिलंय, नावापत्त्यासकट. आईने सोपा उपाय काढला. रात्री असे कागद फाडून बादलीत पाण्यात भिजत घालायचे, सकाळी लगदा होतो, तो पिळून कचऱ्यात. आणि कोणाला झेरॉक्स द्यायचीच झाली तर तिच्यावर आडवं लिहायचं, 'फक्त सोसायटीच्या कामासाठी', खाली तारीख आणि सही.

ऑक्टोबरच्या मध्याला सगळे कागद चार फायलींत बसले. मी लॅपटॉपवर छान यादी केली, अनुक्रमांक, दस्ताचं नाव, फाईल, पान. स्कॅन काढून दादाला पाठवले, प्रत्येकाच्या नावात आधी वर्ष आणि महिना, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. यादी छापून फाईलच्या पहिल्या पाकिटात ठेवली. आई म्हणाली, "छान केलंस."

आठवड्याभरात तिचा फोन. बिल्डरच्या ऑफिसातून माणूस आलाय, 'इंडेक्स टू' मागतोय, ते कुठलं? मी सांगितलं, हक्कसोड पत्राबरोबर मिळालेला नोंदणीचा उतारा, दोन नंबरची फाईल, अनुक्रमांक चौदा. तिने सगळी फाईल खाली काढली तरी सापडेना. माणूस दुसऱ्या दिवशी यायचं सांगून गेला. त्या संध्याकाळी मी गाडीने ठाण्याला गेले. यादी मी माझ्या भाषेत केली होती, आणि कागद शोधायचे होते आईला.

दोनशे पानी वही घेतली. मी विचारायचं, "हे काय आहे?" आणि ती म्हणेल ते शब्द तिनेच तिच्या अक्षरात लिहायचे. करारपत्र झालं 'घराचा मोठा कागद'. शेअर सर्टिफिकेट, 'अडीचशे रुपयांचा, मागे माझं नाव'. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यापुढे तिने लिहिलं, 'मी आहे म्हणून दर वर्षी द्यायचा'. इंडेक्स टू झाला 'दादा पुण्याहून आला त्या दिवशीचा'. ताबापत्र आणि नोंदणीची पावती मी घराच्या फाईलमध्ये घातली होती, पण वहीत तिने त्यांना 'पहिल्या दिव्याचे' असंच म्हटलं, आणि पुढे कंसात फाईलचा रंग, निळी. फायलींवरही तीच नावं: घर, पैसे, दवाखाना, सरकारी. दवाखान्याच्या फाईलमध्ये बाबांच्या शेवटच्या आजारपणाचे कागद होते. त्यातला डिस्चार्जचा एक कागद आणि मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती ठेवल्या, बाकी तिने न वाचता माझ्या हातात दिलं.

दिवाळी तिथेच केली. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. लक्ष्मीपूजनाला तिने वही आणि चारही फायली चौरंगावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. मग पाचपाखाडीत भाड्याच्या घरी आलो, तिथे फायली तिच्या पलंगाशेजारच्या कपाटात, तिच्या कंबरेच्या उंचीवर आहेत, वाकायला लागू नये म्हणून.

गेल्या महिन्यात मी ऑफिसात मीटिंगमध्ये असताना तिचा फोन आला. बाहेर येऊन उचलला. नव्या घराच्या करारासाठी ताबापत्राची प्रत हवी, खाली माणूस थांबलाय, असं म्हणाली. मी म्हटलं, थांब हं, मी यादी उघडते.

"मिळालं गं," ती म्हणाली. "झेरॉक्स दिली, वर लिहून सही पण केली. तुला नुसतं कळवलं. ठेव आता, डाळ खाली लागेल."